फुलेवाडा घर म्हणूनच दाखवा

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय: पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुले वाड्याच्या मांडणीबाबत.

महोदय,

गंज पेठेतला महात्मा फुले वाडा हे आपल्या खात्याच्या ताब्यातले राज्य संरक्षित स्मारक आहे. हा वाडा आणि जवळचे सावित्रीबाई फुले स्मारक जोडून परिसराचा विस्तार करण्याची योजना गेली अनेक वर्षे चर्चेत आहे. ज्या भिडे वाड्यात १८४८ साली फुले दांपत्याची मुलींची शाळा सुरू झाली, तो दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर डिसेंबर २०२३ मध्ये उतरवण्यात आला आणि तिथे राष्ट्रीय स्मारक उभे राहायचे आहे. म्हणजे शाळेची मूळ वास्तू आता आपल्याकडे नाही. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या कामाची साक्ष देणारी, त्यांच्या रोजच्या वावरातली वास्तू म्हणून गंज पेठेतले हे घर तेवढे उरले आहे. विस्ताराचे आराखडे, निविदा आणि बांधकाम यांचा वेग एकदा वाढला की मुळात काय दाखवायचे आहे, हा प्रश्न मागे पडतो. म्हणून तो आत्ताच, जाहीरपणे विचारावासा वाटतो. माझी मागणी एकच आहे. हा वाडा थोर पुरुषाचे स्मारक म्हणून दाखवण्याआधी एका कुटुंबाचे घर म्हणून दाखवा. उंबरठा, पाणी, चूल, बाळंतिणीची खोली, आल्यागेल्याची ओसरी या क्रमाने तो लोकांना समजू द्या.

ही मागणी सजावटीच्या हौसेपोटी केलेली नाही. फुले दांपत्याच्या कार्याचा मोठा भाग घराच्या आत घडला, हे तिच्यामागचे कारण आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक सुधारकांचे काम सभा, वृत्तपत्रे, अर्ज आणि ग्रंथ यांतून झाले. जोतीरावांनीही हे सारे केले. ‘गुलामगिरी’ १८७३ साली लिहिली, ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली पुरा केला, पुणे नगरपालिकेत सदस्य म्हणून काम केले. पण जे विचार ते लिहीत होते, त्यांचा प्रयोग त्यांनी स्वतःच्या संसारावर केला. पत्नीला शिकवून शिक्षिका केले, म्हणून १८४९ साली दोघांना वडिलांच्या घरातून बाहेर पडावे लागले. त्या वेळी गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. उस्मान शेख यांची बहीण मानल्या जाणाऱ्या फातिमाचे नाव सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या पत्रात येते. माहेरी नायगावला आजारपणात असताना, आपल्या गैरहजेरीत कामाचा भार फातिमावर पडत असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. घर गमावण्याची किंमत मोजून या जोडप्याने नवे घर उभे केले आणि त्या घराचे नियम जातीने नव्हे, स्वतः ठरवले. त्यामुळे इथल्या प्रत्येक खोलीला पुराव्याचे मोल आहे. टिळकांचा केसरीवाडा पाहताना वृत्तपत्र आणि राजकारण समजून घ्यायचे असते. फुलेवाड्यात मात्र आधी घर समजून घ्यावे लागते, कारण इथे घरच चळवळीचे साधन होते.

पाण्यापासूनच सुरुवात करू. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हे वाक्य शाळेच्या पुस्तकात असते, परीक्षेत एका गुणाला विचारले जाते आणि विसरले जाते. त्याचा खरा अर्थ त्या जागीच कळू शकतो. पेशवाईत कात्रजहून नळाने पाणी आणून पुण्याच्या पेठांमध्ये हौद बांधले गेले. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावे आजही पुणेकरांच्या पत्त्यांत आहेत. शहराचे जगणे त्या पाण्यावर चालत होते. पण ज्यांचा स्पर्श विटाळ मानला जाई, त्यांना हौदात हंडा बुडवण्याचा हक्क नव्हता. कुणी वरून ओतले तर घ्यायचे, नाहीतर ताटकळत राहायचे. अशा शहरात खाजगी घराच्या आवारातला हौद खुला करणे याचा अर्थ असा, की ज्यांची सावलीही टाळली जाई त्या बायका हंडे-कळश्या घेऊन दरवाजातून आत येणार, अंगण ओलांडणार, स्वतःच्या हाताने पाणी काढणार, आणि घरातली माणसे तेच पाणी स्वयंपाकाला वापरणार. दरवाजापासून पाण्यापर्यंतची ही काही पावले म्हणजे जातिव्यवस्थेतला केवढा मोठा पल्ला होता, हे सांगायला पुतळा उपयोगी पडत नाही. त्यासाठी पाहणाऱ्याला दरवाजात उभे करावे लागते, त्या वाटेने चालवावे लागते, शेजाऱ्यांनी आणि भाऊबंदांनी या घराशी व्यवहार ठेवताना काय विचार केला असेल हे सांगावे लागते. घराचा नकाशा हातात असेल तर दहा वर्षांच्या मुलालाही हे पाच मिनिटांत समजेल.

दुसरा पुरावा बाळंतिणींचा. बालहत्या प्रतिबंधक गृहाविषयी जोतीरावांनी स्वतः सरकारला लिहिले आहे. बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरच्या बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर मत देताना, डिसेंबर १८८४ मधल्या पत्रात त्यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेची हकीकत सांगितली. त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाकाला होती. फसवणुकीतून तिला दिवस गेले, अब्रूच्या भीतीने तिने मूल विहिरीत टाकले आणि तिला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या खटल्यानंतर लगेच आपण आपल्याच आवारात हे गृह सुरू केले, ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर त्याची छापील पत्रके लावली, आणि तेव्हापासून पस्तीस गर्भवती विधवा इथे येऊन बाळंत झाल्या, असे त्यांनी कळवले. त्यांतली पाचच मुले जगली. बाकीची दगावण्याचे कारणही त्यांनी दिले आहे. गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या जहाल औषधांनी त्या बाळांचा बळी घेतला होता. ही आकडेवारी शांतपणे वाचावी. पस्तीस बाया, त्यांची आजारपणे, रात्री-अपरात्री होणारी बाळंतपणे, सुईण बोलावणे, गरम पाणी, जुनेरी, शेक-शेगडी, तीसेक तान्ह्यांचे मृत्यू आणि बाहेर कुणाला नाव कळू नये याची सततची दक्षता. हे सारे ज्या बाईने केले तिचे नाव सावित्रीबाई. इतिहासात तिची नोंद शिक्षिका म्हणून होते आणि ती योग्यच आहे. पण या घरात ती सूतिकागृहाची व्यवस्थापकही होती. त्याच परिस्थितीतून आलेल्या एका विधवेचा मुलगा या निपुत्रिक जोडप्याने दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत ठेवले आणि त्याला डॉक्टर केले. ज्या घरात ही बाळंतपणे झाली ते घर आपल्या खात्याकडे आहे. इतकी ठोस जागा फार थोड्या संग्रहालयांच्या वाट्याला येते. तिथे या पस्तीस जणींसाठी एक खोली राखून ठेवलेली नसेल, तर ही उणीव मांडणीची आहे.

आज वाड्यात येणाऱ्याला कौलारू घर दिसते, अंगण दिसते, जोतीरावांच्या अस्थींवरचे वृंदावन दिसते, आणि मग चित्रे, छायाचित्रे व मजकूर यांतून जीवनपट उलगडतो. या मांडणीत श्रद्धा आहे, मेहनतही आहे. पण ती कुठल्याही सभागृहात उभी करता येईल अशी आहे. तिला या भिंतींची गरज नाही आणि या भिंतींनाही तिची गरज नाही. शिवाय जीवनपटाची रीतच अशी असते की जन्म, शिक्षण, कार्य, सन्मान, निधन या पायऱ्यांनी ती एकाच माणसाभोवती फिरते. घराची रीत वेगळी असते, कारण घरात एकटा कुणीच राहत नाही. घर म्हणून मांडणी केली की सगुणाबाई क्षीरसागर आपोआप समोर येतात. जोतीरावांची आई लवकर गेली आणि त्यांना सगुणाबाईंनी वाढवले. यशवंतची पत्नी राधा समोर येते. ब्राह्मण पुरोहिताशिवाय, सत्यशोधक पद्धतीने १८८९ साली झालेल्या या लग्नाआधीच ती या घरात राहून शिकत होती. रात्री मारायला आलेल्या आणि नंतर जोतीरावांचेच सहकारी झालेल्या दोघांची कथाही मग एखाद्या चमत्कारासारखी वाटत नाही. या घरात आलेल्या माणसाशी कसे वागले जात असे, याचे उदाहरण म्हणून ती समजते. अर्धांगवायूने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिणारे जोतीराव दिसतात आणि त्या काळात घर कोण चालवत होते हा प्रश्नही पडतो. जोतीरावांच्या अंत्ययात्रेत भाऊबंदांनी यशवंतच्या हक्कावर आक्षेप घेतला, तेव्हा टिटवे हाती धरून पुढे चालणाऱ्या सावित्रीबाई याच दारातून बाहेर पडल्या होत्या. आपल्याला मिठात घालून पुरावे अशी इच्छा जोतीरावांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. घराच्या मागे खड्डाही तयार होता. वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन झाले आणि अस्थी इथे आणल्या गेल्या. वृंदावनापुढे हात जोडणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते? ते ठाऊक झाल्याने नमस्कार उणा होणार नाही, त्याला आशय येईल.

घराच्या इतिहासात कुटुंबाची पडझडही येते आणि तीही दाखवायला हवी. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या. डॉ. यशवंतही पुढे काही वर्षांत गेले. त्यांच्यामागे राहिलेल्या दुसऱ्या पत्नी चंद्रभागाबाई आणि लहान मुलगी यांच्या वाट्याला दारिद्र्य आले, घर विकावे लागले. ज्या घराने पस्तीस निराधार बायकांना आसरा दिला, त्या घरच्या सुनेला अखेर आसरा उरला नाही. हे सांगताना महाराष्ट्राला संकोच वाटेल. पण वास्तू जतन करण्याचे एक प्रयोजन हेही आहे की समाजाने आपल्या उपकारकर्त्यांच्या घराचे काय होऊ दिले, याची नोंद राहावी. दरम्यानच्या काळात या घरात कोण राहिले, काय बदलले, ते सरकारच्या ताब्यात कसे आले, दुरुस्तीत कोणते लाकूड नवे घातले, कोणती भिंत जुनी आहे, ही माहिती आपल्या खात्याच्या कागदपत्रांत असणारच. ती फायलींतून भिंतीवर यावी, इतकीच अपेक्षा आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की फुले कुटुंबाच्या वापरातल्या वस्तू जवळजवळ उरलेल्याच नाहीत. मग घर मांडायचे कशाने? बाजारातून जुनी भांडी आणून चुलीजवळ ठेवली तर ती लबाडी होईल. आक्षेप रास्त आहे, पण त्यावर उत्तरे आहेत. ॲम्स्टरडॅममध्ये ॲन फ्रँक आणि तिचे कुटुंब जिथे लपून राहिले, त्या घरातले सामान नाझींनी उचलून नेले होते. १९६० साली संग्रहालय सुरू झाले तेव्हा ॲनचे वडील ओटो फ्रँक यांनी खोल्या रिकाम्याच ठेवायला सांगितल्या. पूर्वी सामान कसे होते ते दाखवणाऱ्या छोट्या प्रतिकृती केल्या गेल्या, पण खोल्या भरल्या गेल्या नाहीत. भिंतीच्या कागदावर मुलींची उंची मोजण्यासाठी ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा मात्र जपून ठेवल्या आहेत. दरवर्षी लाखो माणसे त्या रिकाम्या खोल्या पाहायला रांग लावतात. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड स्ट्रीटवरची ९७ क्रमांकाची इमारत १८६३ साली बांधलेली भाड्याची चाळ आहे. सुमारे सात हजार स्थलांतरितांनी तिथे बिऱ्हाडे केली. १९३५ मध्ये वरचे मजले रिकामे झाले आणि १९८८ मध्ये तिथे संग्रहालय स्थापन झाले. तिथे राहिलेल्या शिंपी, मजूर, विधवा यांची नावे जनगणनेच्या आणि सरकारी नोंदींतून शोधून त्यांची बिऱ्हाडे उभी केली गेली. या दोन्ही ठिकाणी एक शिस्त पाळली जाते. मूळ काय, त्या काळातले पण दुसरीकडून आणलेले काय आणि अंदाजाने केलेले काय, हे पाहणाऱ्यापासून लपवले जात नाही.

आपल्याकडे तर यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून मराठी आणि भारतीय घरांतल्या रोजच्या वस्तू जमवल्या आणि १९६२ साली तो संग्रह शासनाकडे सोपवला. दिवे, अडकित्ते, भांडी, वज्र्या, सोऱ्या, पेट्या, दारे, चौकटी अशा हजारो वस्तू तिथे आहेत. एकीकडे घर नसलेल्या वस्तू आणि दुसरीकडे वस्तू नसलेले घर, अशी स्थिती एकाच शहरात आहे. माळी कुटुंबात, फुलांचा आणि भाजीपाल्याचा व्यवसाय असलेल्या घरात, एकोणिसाव्या शतकात कोणती भांडी असत, पाणी कशात साठवत, दळण कुठे होई, हे जाणकारांच्या मदतीने ठरवून काही मोजक्या वस्तू उसन्या आणता येतील. त्यांच्यावर स्पष्ट लिहिता येईल की ही वस्तू फुल्यांची नाही, त्यांच्या काळातली आहे. जिथे काहीच ठाऊक नाही ती जागा मोकळी ठेवावी आणि मोकळी का ठेवली हे लिहावे. त्यात लबाडी नाही.

दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा आहे. जोतीराव हे क्रांतिकारक विचारवंत. त्यांना चुलीपाशी आणि बाळंतिणीच्या खोलीत आणून बसवले तर त्यांची उंची कमी होईल, असे अनेकांना वाटते. पण विचार करा, जात टिकते कशावर? ती टिकते कुणाच्या हातचे पाणी चालते, कुणाच्या पंगतीला बसायचे, कुणाची मुलगी करायची, विधवेला कुठल्या खोलीत ठेवायचे यांवर. हे सगळे निर्णय स्वयंपाकघरात, माजघरात आणि उंबरठ्यावर होतात. जोतीरावांची ही समज त्यांच्या काळाच्या कितीतरी पुढे होती, म्हणूनच त्यांनी व्यासपीठावरची सुधारणा पुरेशी मानली नाही. सत्यशोधक विवाह, ब्राह्मण पुरोहिताशिवाय होणारे विधी, खुला हौद, विधवांचे बाळंतपण या प्रत्येक गोष्टीला घराचे दार उघडावे लागले. स्वयंपाकघर क्षुल्लक आणि ग्रंथ थोर ही विभागणीच मुळात त्या व्यवस्थेची आहे, जिच्याविरुद्ध हे दोघे उभे राहिले. वाड्याची मांडणी करताना ती आपण परत आणू नये. त्यांच्या ग्रंथांसाठी स्वतंत्र दालन असावेच, पण ते विस्तारित इमारतीत असू शकते. चूल आणि हौद मात्र दुसरीकडे नेता येत नाहीत.

याच आक्षेपाचा दुसरा चेहरा श्रद्धेचा आहे. जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला, आणि स्मृतिदिनी, २८ नोव्हेंबरला, दूरदूरच्या गावांहून माणसे समताभूमीवर, म्हणजे या वाड्यावर, येतात ती अभिवादनासाठी, खोल्यांची माहिती वाचायला नव्हे, असे म्हटले जाते. ज्यांच्या पूर्वजांना या हौदावर पाणी मिळाले, ज्यांच्या आज्या-पणज्या शिकू शकल्या त्या या दोघांमुळे, त्यांची कृतज्ञता ही या वास्तूची सर्वांत मोठी ठेव आहे. तिच्या आड काही येऊ नये. पण भक्तीला माहिती नको असते हे गृहीत धरणे म्हणजे या माणसांना कमी लेखणे आहे. जोतीरावांनी आयुष्यभर सांगितले ते हेच, की विद्येविना जे घडते ते अनर्थाचे असते आणि डोळे मिटून मान तुकवू नये. त्यांच्या घरी येणाऱ्याला प्रश्न विचारायला, तपासून पाहायला आणि मग नमस्कार करायला वाव देणे हाच त्यांचा खरा आदर. गर्दीच्या दिवशी अभिवादनाची वाट मोकळी राहील आणि इतर दिवशी खोल्या सावकाश पाहता येतील, अशी व्यवस्था कुठलेही चांगले संग्रहालय करू शकते.

तिसरा आक्षेप जागेचा आहे. वाडा लहान आहे, गर्दी मोठी आहे, म्हणून विस्तार अटळ आहे असे सांगितले जाते. विस्ताराला माझा विरोध नाही. स्वच्छतागृहे, पाणी, ग्रंथालय, अभ्यासिका, व्याख्यानगृह, अपंगांसाठी सोयी, बसगाड्यांसाठी जागा या सगळ्याची गरज आहे. माझा आग्रह असा की या सोयी नव्या जागेत जाव्यात आणि जुन्या घराचा लहानपणा तसाच राहावा. त्याच्या भोवती मोठमोठ्या फरशा, कारंजी आणि उंच पुतळे उभे राहिले तर ते घर बागेतल्या शोभेच्या वस्तूसारखे दिसेल. गंज पेठ ही कष्टकऱ्यांची, दाट वस्तीची पेठ आहे आणि फुल्यांचे घर अशाच वस्तीत होते, हे त्या घराच्या अर्थाचा भाग आहे. विस्तारासाठी ज्या कुटुंबांना जागा सोडावी लागेल त्यांचे पुनर्वसन जवळपास, सन्मानाने आणि बांधकामाआधी व्हावे. घरातून बाहेर काढले गेलेल्या जोडप्याचे स्मारक करताना कुणाला निराधार होऊ देता येणार नाही. शेजारच्या वस्तीतल्या मुला-मुलींना वाटाडे म्हणून प्रशिक्षण दिले, त्यांना पगार दिला, तर वास्तू आणि पेठ यांचे नाते टिकेल.

चौथा आक्षेप अभ्यासकांकडून येईल. फुले चरित्रातल्या अनेक तपशिलांवर मतभेद आहेत. बालहत्या प्रतिबंधक गृह कुणी १८५३ साली सुरू झाले म्हणते, तर कुणी १८६३ साली. अशा वेळी भिंतीवर काय लिहायचे? माझे म्हणणे असे की मतभेद असतील तर तेही लिहावेत. एका बाजूला मूळ पत्राचे छायाचित्र, त्याखाली त्याचा मराठी मजकूर आणि शेजारी अभ्यासकांची दोन मते. सावित्रीबाईंची १८५६, १८६८ आणि १८७७ ची पत्रे, जोतीरावांचे १८८४ चे पत्र आणि १८८७ चे मृत्युपत्र या पाच कागदांवरच या घराची निम्मी मांडणी उभी राहील. १८६८ च्या पत्रात, ब्राह्मण तरुण आणि महार मुलगी यांच्या प्रेमामुळे खवळलेल्या गावकऱ्यांच्या तावडीतून त्या दोघांना कसे सोडवले हे सावित्रीबाईंनी कळवले आहे. १८७७ चे पत्र जुन्नरकडच्या दुष्काळातले आहे. ही पत्रे याच घरच्या माणसाला लिहिलेली होती. ती इथेच, चांगल्या मराठी वाचकाच्या आवाजात ऐकवली गेली तर त्याचा परिणाम कुठल्याही चित्रमालिकेपेक्षा खोल होईल, आणि खर्च नगण्य असेल. वादाच्या तारखा लपवून खात्रीचा आव आणला, तर उद्या एखादा आक्षेप घेणारा साऱ्याच मांडणीवर बोट ठेवेल. पुराव्यासकट सांगितलेल्या इतिहासाला असा धोका राहत नाही.

महाराष्ट्र शासनाला घराचे मोल कळत नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या १० क्रमांकाच्या घरात राहिले, ते शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथे संग्रहालय करायला स्थानिक कॅम्डेन प्रशासनाने हरकत घेतली, शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, चौकशी झाली, आणि अखेर मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. एका विद्यार्थ्याच्या भाड्याच्या मुक्कामासाठी सरकार परदेशात इतके लढले, ते योग्यच झाले. त्या लढ्यामागचा विचार हाच होता की माणूस जिथे राहिला ती जागा त्याच्याबद्दल असे काही सांगते, जे दुसरीकडे सांगता येत नाही. बाबासाहेबांनी जोतीरावांना आपल्या गुरूंमध्ये मानले. लंडनला लावलेला न्याय गंज पेठेलाही लावावा.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. वाड्याचे मोजमाप करून, जुने-नवे भाग वेगळे दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करावा आणि तो प्रवेशद्वारावर लावावा. हौदाची वाट, स्वयंपाकघर, बाळंतपणे झाली ती जागा आणि अखेरच्या आजारपणाची खोली, जिथपर्यंत पुरावा नेतो तिथपर्यंत निश्चित करून, घर म्हणून मांडावी. सावित्रीबाई, सगुणाबाई, यशवंत, राधा, चंद्रभागाबाई आणि त्या पस्तीस अनाम स्त्रिया यांना घराच्या माणसांचे स्थान द्यावे. मूळ कागदांच्या प्रती आणि वाचन इथे उपलब्ध करावे. केळकर संग्रहालयाशी रीतसर करार करावा. भिडे वाड्याची जागा, १८५२ साली या दांपत्याचा सत्कार झाला तो विश्रामबागवाडा, गंज पेठ आणि सावित्रीबाईंचे नायगाव यांना जोडणारा अभ्यासमार्ग शाळांसाठी आखावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, विस्ताराचा आराखडा अंतिम होण्याआधी मांडणीचा मसुदा इतिहास अभ्यासक, वास्तुजतनतज्ज्ञ, सत्यशोधक परंपरेतले कार्यकर्ते आणि गंज पेठेतले रहिवासी यांच्यापुढे ठेवून त्यावर हरकती व सूचना मागवाव्यात.

यातले बहुतेक काम सिमेंटचे नाही. त्याला अभ्यास लागतो, माणसे लागतात आणि वेळ लागतो. इमारतीच्या तुलनेत खर्च थोडा आहे, पण अंदाजपत्रकात त्याचा स्वतंत्र उल्लेख नसेल तर तो सगळ्यांत आधी कापला जातो, हा सरकारी कामांचा अनुभव आहे. म्हणून मांडणी, संशोधन आणि वाटाड्यांच्या पगारासाठी पहिल्याच टप्प्यात वेगळी तरतूद व्हावी. भिडे वाड्याच्या बाबतीत आपण उशीर केला आणि वास्तू गमावली. फुलेवाडा अजून उभा आहे आणि तो आपल्या खात्याच्या अखत्यारीत आहे. हे घर वाचता येईल असे करण्याचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही आपल्याकडे आहेत. आपण तो अधिकार वापरावा आणि ती जबाबदारी पार पाडावी, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक नागरिक